बाटलीत मिरची नाही

सर्जेराव खिलारे यांना पुणे शहर खालून माहीत होतं. वरून बघायला त्यांना फारसा वेळच मिळाला नाही. एकतीस वर्षं महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात गेली, त्यातली शेवटची बारा मुकादम म्हणून. बिबवेवाडीत कुठलं चेंबर डांबराखाली गाडलं गेलंय, कुठल्या लाइनचा उतार उलटा बसलाय, हे नकाशात नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. झाकण उचललं की नुसतं आत बघून ते सांगायचे, ‘आज चतुर्थी दिसते.’ आणि ती असायची. कशावरून, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कुणाला ऐकायचंही नव्हतं.

ते कामावरून आले की आनंदीबाई मोरीत बादली भरून ठेवायच्या आणि आंघोळ होईपर्यंत नवऱ्याशी बोलायच्या नाहीत. निवृत्तीच्या दिवशी त्यांनी ती बादली भंगारात दिली. सव्वा महिन्यात नवी आणावी लागली.

त्याचं कारण मांजरी गावाच्या बाजूची एक प्रयोगशाळा. तिथल्या लोकांना दर आठवड्याला शहरातल्या सांडपाण्याच्या बाटल्या हव्या होत्या. आधी त्यांनी चेंबरात बसवायचं एक परदेशी यंत्र आणलं होतं. ते दुसऱ्याच दिवशी कुणीतरी गणपतीच्या मांडवाची वायर समजून कापून नेलं. मग कुणीतरी खिलारे मुकादमांचं नाव सांगितलं. सर्जेराव गेले, यंत्राची जागा बघितली, आणि म्हणाले, “बांबू आणि स्टीलचा मग द्या.” तेव्हापासून दर बुधवारी सकाळी साडेसहापर्यंत पाच चेंबरं, पाच बाटल्या, बर्फाची पेटी आणि एक वही, असं काम सुरू झालं.

बाटल्या घेणारी मुलगी म्हणजे मैत्री. वय सत्तावीस, डोळ्याला जाड चष्मा. सर्जेरावांना ती काका म्हणे, आणि काय चाललंय ते समजावून सांगे, हे त्यांना नवीन होतं. एकतीस वर्षांत त्यांना कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं.

“सांडपाण्यात माणसांच्या पोटातले जंतू येतात ना, काका, त्यांची जनुकं आम्ही वाचतो. म्हणजे जंतूची कुंडलीच. मग कॉम्प्युटर सांगतो कुठला जंतू कुठल्या औषधाला दाद देणार नाही. हजारो जंतू दाखवून आम्ही त्याला शिकवलंय. दवाखान्यात पेशंट यायच्या आधी आम्हाला कळतं की कुठल्या भागात काय येतंय.”

“आणि मी नळाचं पाणी भरून आणलं तर?” सर्जेरावांनी सहज विचारलं. नंतर त्यांना वाटलं, विचारायला नको होतं.

“ते लगेच कळतं,” मैत्री हसून म्हणाली. “मिरचीच्या झाडावर एक विषाणू असतो. माणसाला तो काही करत नाही. आपण मिरची खाल्ली की पोटात जातो आणि जसाच्या तसा बाहेर पडतो. त्यामुळे बाटलीत मिरची सापडली म्हणजे पाणी माणसांचं. जितकी मिरची तितकी माणसं. पुण्यात तर प्रश्नच नाही.”

सर्जेरावांनी ही गोष्ट घरी येऊन सांगितली. आनंदीबाई म्हणाल्या, “एवढं शिकून शेवटी तेच बघतात का?”

पाच चेंबरांतलं पाचवं सुविचार सोसायटीचं. बेचाळीस फ्लॅट, दोन बदामाची झाडं, आणि गेटवर सूचनाफलक. फलक सोसायटीचे सचिव रावसाहेब देशमाने स्वतः खडूनं लिहीत. रावसाहेब निवृत्त मुख्याध्यापक. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर बाभळीसारखा. ‘येथे गाडी लावू नये. विचारून लावली तरी नाही म्हणण्यात येईल.’ असा फलक वर्षभर टिकला होता.

जानेवारीत या पाचव्या बाटलीत एक जंतू सापडला. नेहमीच्या दहा-बारा औषधांना तो जुमानत नव्हता. पुढच्या आठवड्यात तोच, त्याच्या पुढच्याही आठवड्यात तोच. प्रयोगशाळेनं सोसायटीला अतिशय नम्र पत्र पाठवलं. कुणाचंही नाव विचारलं जाणार नाही. कुणाला बरेच दिवस बरा न होणारा संसर्ग असेल तर त्यांनी आपणहून संपर्क साधावा, तपासणी मोफत होईल.

रावसाहेबांनी पत्र दोनदा वाचलं. त्यांच्या आयुष्यात असं पत्र एकाच प्रकारचं येत असे आणि त्याला एकच नाव होतं. त्यांनी तातडीची सभा बोलावली आणि उभं राहून सांगितलं, “आपली सोसायटी नापास झाली आहे.”

कुणीतरी विचारलं, शेजारच्या सोसायटीचं काय. शेजारच्या सोसायटीला पत्र आलेलं नव्हतं. हे सगळ्यांना फार लागलं.

“फेरपरीक्षा दर बुधवारी असते,” रावसाहेब म्हणाले. “मी चौकशी केली आहे. तयारीला लागा.”

दुसऱ्या दिवशी फलकावर आलं: ‘बुधवारी पहाटे पाच ते साडेसात सोसायटीची परीक्षा आहे. या वेळेत कोणीही प्रसाधनगृह वापरू नये. ज्यांना दम धरवत नाही त्यांनी बागेतील सार्वजनिक सोय अथवा नातेवाईक यांचा लाभ घ्यावा. पाच वाजता प्रत्येक फ्लॅटने फिनेलचे दोन डबे पाणी सोडावे. आदल्या दिवशी राजमा टाळावा.’

यातलं काहीच सर्जेरावांना माहीत नव्हतं. ते साडेसहाला पाठीमागच्या गल्लीतून चेंबरपाशी येत आणि तिथूनच जात. गेटवरचा फलक त्यांच्या वाटेत नव्हता. पहिल्या बुधवारी पाणी त्यांना जरा पातळ वाटलं, फिनेलचा वास आला. टाकी धुतली असेल, असं मनाशी म्हणून त्यांनी इमानानं वहीत लिहिलं, ‘पाणी स्वच्छ.’ दुसऱ्या बुधवारीही तेच लिहिलं.

त्या शुक्रवारी मैत्रीनं त्यांना बोलावलं. ती टेबलावरचं पेन सारखं सरळ करत होती.

“काका, पाचव्या बाटलीत मिरची नाही. दोन आठवडे.”

“मिरची मी कुठून आणू?”

“तसं नाही. म्हणजे माणसंच नाहीत. कॉम्प्युटर म्हणतो, तिथे कुणी राहत नाही. आधी दोनशे माणसं होती.”

“दोनशे माणसं काल तिकडून जाताना मला दिसली की. एक बाई तर गच्चीवर पापड घालत होत्या.”

“मला माहितीये. पण मोठे सर म्हणतात...” मोठ्या सरांचं म्हणणं असं होतं की पाचवं चेंबर शेवटचं, म्हाताऱ्या माणसाला कंटाळा आला असेल, बाटली नळाखाली धरली असेल. वहीत तर स्वतःच लिहिलंय, पाणी स्वच्छ. तीन वेळा सॅम्पल बाद झालं की आणणारा माणूस बदलायचा, असा तिथला नियम होता. आणि माणूस का बदलला, ते कागदावर लिहायचं.

सर्जेराव पेन्शनवर जगत होते. काम गेलं असतं तरी घरात दोन वेळचं चाललं असतं. पण एकतीस वर्षांच्या कागदावर शेवटी ‘नळाचं पाणी भरलं’ असं लिहिलं जाणार, हे त्यांच्या घशाखाली उतरेना. घरी येऊन त्यांनी आंघोळही केली नाही, तसेच बसले.

आनंदीबाईंनी नियम मोडून विचारलं, “काय झालं?”

त्यांनी सांगितलं. आनंदीबाईंनी बादली मोरीत सरकवली. मग म्हणाल्या, “जन्मभर लोक म्हणाले, घाण घेऊन येतो. आता म्हणतात, आणत नाही. एकदा काय ते ठरवा म्हणावं.”

तिसऱ्या बुधवारी सर्जेराव पाचलाच गेले, आणि पहिल्यांदाच गेटच्या बाजूनं. त्यांना दिसलं ते असं. सुविचार सोसायटीच्या गेटमधून माणसं रांगेनं बाहेर पडत होती. कुणी स्वेटर घातलेलं, कुणी कानटोपी. तिसऱ्या मजल्यावरचे शकील इनामदार आपल्या दोन्ही मुलांना दुचाकीवर घेऊन सासुरवाडीला निघाले होते. एक गृहस्थ भिंतीला टेकून डोळे मिटून उभे होते आणि मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. गेटपाशी रावसाहेब हजेरीपट घेऊन उभे होते.

सर्जेरावांनी फलक वाचला. सावकाश, दोनदा. मग ते रावसाहेबांपुढे गेले.

“सर, मी बाटली भरणारा.”

“अस्सं. म्हणजे परीक्षक आपण.”

“परीक्षा नाही हो ही. डॉक्टर जीभ बघतो ना, तसं आहे. तुम्ही जीभ घरी ठेवून गेलात तर तो काय बघणार?”

“जीभ स्वच्छ असली की दाखवू,” रावसाहेब म्हणाले आणि हजेरीपटावर खूण केली.

“माझ्यावर आळ आलाय, सर. मी नळाचं पाणी भरतो म्हणतात. तुम्ही एवढंच लिहून द्या की या वेळेत कुणी जात नाही. दोन ओळी.”

रावसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “कॉपी केली असं मुख्याध्यापकानं लिहून द्यायचं? छत्तीस वर्षं नोकरी झाली माझी.”

“माझी एकतीस,” सर्जेराव म्हणाले.

ते मागे चेंबरपाशी गेले, झाकण सरकवलं आणि शेजारी दगडावर बसले. फिनेलचं पाणी वाहून गेलं, तळाशी तेवढं थोडं साचून राहिलं. बेचाळीस फ्लॅटचं चेंबर इतकं गप्प त्यांनी कधी बघितलं नव्हतं. सहा वाजून पाच मिनिटांनी डावीकडच्या छोट्या पाइपातून थोडं पाणी आलं. सव्वासहाला पुन्हा. सहा-पंचविसाला पुन्हा. दर खेपेला अगदी थोडं.

डावीकडचा पाइप तळमजल्याचा, एका फ्लॅटचा, हे सर्जेरावांना पाठ होतं. दर दहा मिनिटांनी थोडंथोडं जाणाऱ्या माणसाला काय होत असतं तेही त्यांना ठाऊक होतं. त्यांनी बांबूला बांधलेला मग खाली सोडला, बाटली भरली, बूच लावलं. वर बघितलं तर तळमजल्याच्या खिडकीत एक बाई उभ्या होत्या. सत्तरीच्या, बारीक, शाल लपेटलेल्या.

“चहा घ्याल का, भाऊ?” त्यांनी हळूच विचारलं. “सगळी गेलीत, म्हणून म्हणते.”

खिडकीच्या गजांतून कप बाहेर आला. त्या रावसाहेबांच्या पत्नी, इंदुबाई.

“तुम्ही नाही गेलात बागेत?”

“तिथवर पोचले पाहिजे ना. ह्यांना वाटतं मी अंथरुणात आहे.” अनोळखी माणसाशी, तेही गजांमधून, बोलणं त्यांना सोपं गेलं असावं. “उन्हाळी लागलीय हो, लघवीला सारखी आग. आठ महिने झाले. धन्याचं पाणी पिते, सब्जा घेते. तिखट तर पूर्ण बंद. आमटीत मिरची नाही की चटणी नाही. जरा बरं वाटतं, की पुन्हा ताप येतो, कंबर धरते.”

“डॉक्टर?”

“गोळ्या आहेत की घरात. मागच्या वेळच्या उरलेल्या. हे देतात काढून.”

सर्जेरावांनी कप परत केला आणि बाटली पेटीत ठेवून निघाले. कामावर घेताना त्यांच्याकडून एका कागदावर सही घेतली होती. बाटली चेंबरची असेल, घराची नाही, आणि कुठल्या घरातून काय येतं ते कळलं तरी कुणाला सांगणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. सही करताना ते मनात हसले होते. एकतीस वर्षांत त्यांनी कुणाच्या घरचं कधी सांगितलं होतं?

शनिवारी मैत्रीचा फोन आला. आवाज पडलेला होता.

“काका, या वेळी जंतू आहे. भरपूर. इतका स्वच्छ वाचता आला की आख्खी कुंडली मिळाली. पण मिरची शून्य.”

“मग?”

“कॉम्प्युटर म्हणतो असं होत नाही. माणूस नाही आणि माणसाचा जंतू आहे. मोठे सर म्हणतात, कुणीतरी प्रयोगशाळेतलाच जंतू उचलून नळाच्या पाण्यात टाकला. सोमवारी ते पत्र काढणार आहेत.”

म्हणजे आता फक्त आळशी नाही, लबाडही. सर्जेरावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. “मैत्रीताई, ज्याला तिखट बंद आहे असा एकच माणूस घरात असला, आणि बाकी सगळे बागेत असले, तर काय दिसेल?”

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली.

“हेच दिसेल,” मैत्री म्हणाली. “काका, कोण आहे?”

“ते मी नाही सांगायचा. सही केलीय.”

“पण मग पत्र तुमच्या नावानं निघेल.”

“निघू दे. एक सांगा. या जंतूला औषध आहे का?”

“चौदातली दोन लागू पडतील असा अंदाज आहे. पण लघवी तपासून खात्री करायला हवी. आणि उशीर करून चालणार नाही. हा मूत्रपिंडात गेला, रक्तात गेला, तर...”

सर्जेरावांनी पायजमा बदलला, टोपी घातली आणि थेट सुविचार सोसायटीत गेले. या वेळी दाराची बेल वाजवली. दार रावसाहेबांनी उघडलं.

“निकाल?” त्यांनी विचारलं.

“बाईंशी बोलायचंय.”

“माझ्या पत्नीशी? आपलं काय काम?”

“ते त्यांनाच सांगेन. ऐकून झाल्यावर तुम्हाला सांगायचं की नाही ते त्या ठरवतील.”

रावसाहेबांच्या घरात असं वाक्य कुणी उच्चारलं नव्हतं. ते इतके चकित झाले की बाजूला झाले. सर्जेराव स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभे राहिले आणि हळू आवाजात एवढंच म्हणाले, “बाई, ही उन्हाळी नाही. घरातल्या गोळ्यांनी जाणार नाही. आजच दवाखान्यात जा. कुठल्या गोळ्या घेतल्या ते सगळं सांगा.” स्वतःवरच्या आळाबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. वळले आणि दाराकडे निघाले.

“थांबा, भाऊ,” इंदुबाई म्हणाल्या. मग नवऱ्याकडे वळल्या. “अहो, तो जंतू माझा आहे.”

रावसाहेब पटकन म्हणाले, “कशावरून?”

“बुधवारी सगळी सोसायटी बाहेर होती. मी एकटी घरात. तीनदा गेले.”

“फलक लावला होता.”

“वाचला होता. पण त्याला वाचता येत नाही ना, काय करू.”

रावसाहेब खुर्चीत बसले. मग उठले, कपाटातून श्रीखंडाचा प्लास्टिकचा डबा काढला आणि टीपॉयवर उपडा केला. त्यात आठ-नऊ वर्षांतल्या अर्ध्या राहिलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या होत्या, वर्षाप्रमाणे रबर लावलेल्या, प्रत्येक पट्टीवर मोत्यासारख्या अक्षरात आजाराचं नाव. काही वाया घालवायचं नाही, हा घराचा नियम होता. बायकोला ताप आला की ते त्यातून दोन-तीन गोळ्या काढून देत, आणि ताप उतरला की उरलेल्या परत ठेवत.

“हे सगळं बरोबर घ्या,” सर्जेराव म्हणाले. “डॉक्टरांना दाखवा. लिहिलंय ते बरंच केलं.”

“माझ्याच हातून दिल्या,” रावसाहेब म्हणाले. हे त्यांनी कुणाला उद्देशून म्हटलं ते कळलं नाही.

त्याच दिवशी इंदुबाईंना दवाखान्यात दाखल केलं. लघवीचा नमुना प्रयोगशाळेत गेला, आणि जनुकं वाचल्यावर चेंबरातल्या जंतूची आणि या जंतूची कुंडली तंतोतंत जुळली. डब्यातली एकही गोळी लागू पडणारी नव्हती. कॉम्प्युटरनं निवडलेल्या दोन औषधांपैकी एक मूत्रपिंडाला जड, म्हणून डॉक्टरांनी दुसरं निवडलं. सलाइनमधून दहा दिवस द्यायचं होतं. चौथ्या दिवशी ताप गेला. सहाव्या दिवशी इंदुबाईंनी दवाखान्याच्या वरणाला नावं ठेवली, तेव्हा रावसाहेबांचा जीव भांड्यात पडला.

पण मोठ्या सरांचं पत्र अजून कपाटात तयार होतं, आणि निर्णय होईपर्यंत पाचवी बाटली बंद होती. बुधवारच्या बाटलीचं स्पष्टीकरण मिळालं, आधीच्या दोन बाटल्यांचं काय? तेव्हा तर मिरचीही नव्हती आणि जंतूही नव्हता. सर्जेरावांना विचारलं तर ते म्हणाले, “बाई त्या दोन्ही वेळा घरी नसतील. मला माहीत नाही.”

अकराव्या दिवशी रावसाहेब देशमाने प्रयोगशाळेत आले. अंगात कोट, हातात फाइल. त्यांनी फाइल मोठ्या सरांच्या टेबलावर ठेवली आणि उभ्यानंच वाचून दाखवली. मैत्री दारात उभी होती. तिनं नंतर ते सर्जेरावांना फोनवर शब्दन् शब्द सांगितलं.

‘सुविचार सोसायटीतील आम्ही खालील सभासद प्रामाणिकपणे लिहून देतो की, सलग तीन बुधवारी पहाटे पाच ते साडेसात या वेळेत आम्ही प्रसाधनगृहाचा वापर केला नाही. तसे करण्यास आम्हांस सचिवांनी सांगितले. बाटली भरणारे श्री. सर्जेराव खिलारे यांनी जे होते तेच भरले. काही नव्हते, हा दोष त्यांचा नाही.’ खाली एकशे अठ्ठ्याऐंशी सह्या होत्या. प्रत्येक सहीपुढे संबंधित इसम त्या वेळी कुठे होता त्याची नोंद होती. बाग, सासुरवाडी, बाग, ऑफिस, बाग. आठव्या पानावर कुणीतरी प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘दुसऱ्या बुधवारी जमले नाही. क्षमस्व.’ सोबत हजेरीपट जोडला होता. इंदुबाईंच्या नावापुढे पहिल्या दोन बुधवारी ‘मुलीकडे’ आणि तिसऱ्या बुधवारी लाल शाईत ‘घरी’ असं होतं.

मोठे सर बराच वेळ पानं उलटत राहिले. त्यांच्या सगळ्या शिक्षणात असा कागद त्यांच्यासमोर आला नव्हता. शेवटी त्यांनी विचारलं, “हे मी कुठे फाइल करू?”

“उत्तरपत्रिकांत,” रावसाहेब म्हणाले आणि निघून गेले.

सर्जेरावांविरुद्धचं पत्र फाडलं गेलं. मैत्रीला मात्र दोन दिवस जास्तीचं काम लागलं. कॉम्प्युटरला आजवर ओसाड इमारत माहीत होती, पूर माहीत होता, फुटलेली पाइपलाइन माहीत होती. आता त्याला हेही शिकवावं लागलं की माणसं असतात, मिरची खातात, पण ठरवून जात नाहीत. या प्रकाराला यादीत नाव काय द्यायचं यावर चर्चा झाली. शेवटी तिनं ‘सुविचार’ असंच टाकलं.

पुढच्या बुधवारी सर्जेराव नेहमीच्या वेळेला पाठीमागच्या गल्लीतून गेले. झाकण सरकवण्याआधीच आतला आवाज ऐकू आला आणि त्यांना हायसं वाटलं. बेचाळीस घरं एकदम जागी झाली होती. त्यांनी आत बघितलं. सोमवारी एकादशी झाली होती, ती अजून दिसत होती. बांबूचा मग सोडला, बाटली भरली, वहीत लिहिलं, ‘पाणी व्यवस्थित.’

खिडकीच्या गजांतून काचेची बरणी बाहेर आली. हिरव्या मिरचीचा ठेचा, वर तेलाचा तवंग.

“डॉक्टरांनी परवानगी दिली,” इंदुबाई म्हणाल्या. “कालपासून खातेय. जपून न्या, बाटलीत मिसळू नका, नाहीतर म्हणतील वरून घातली.”

सर्जेरावांनी बरणी घेतली, रुमालात गुंडाळली आणि बर्फाच्या पेटीपासून लांब, सायकलच्या हँडलला अडकवली. गेटपाशी आल्यावर थांबले. फलकावर नवा खडू होता: ‘बुधवारी सकाळी सर्वांनी घरीच असावे. तिखट नेहमीसारखे खावे. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानातील पेटीत टाकाव्यात, सचिवांकडे आणू नयेत.’

शुक्रवारी मैत्रीचा फोन आला, तेव्हा आनंदीबाई भाकरी वाढत होत्या.

“काका, जंतू अगदी किरकोळ राहिलाय. आणि मिरची इतकी आहे की कॉम्प्युटर म्हणतो तिथे तीनशे माणसं राहतात.”

“एकशे अठ्ठ्याऐंशी,” सर्जेराव म्हणाले. “सह्या आहेत.” आणि त्यांनी भाकरीवर ठेचा घेतला.